मालवण सागरी अभयारण्य

मालवण सागरी अभयारण्य हे महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण शहरासमोरील अरबी समुद्रात असलेले संरक्षित क्षेत्र आहे. महाराष्ट्र शासनाने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये १३ एप्रिल १९८७ रोजी ते घोषित केले. राज्यातील हे पहिले सागरी अभयारण्य होय. त्याचे एकूण क्षेत्रफळ २९.१२२ चौरस किलोमीटर असून त्यांपैकी ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आणि २५.९४ चौरस किलोमीटर बाह्य संरक्षक क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या आसपासचे पाण्याखालील खडक गाभा क्षेत्रात येतात.

या अभयारण्याचे वैशिष्ट्य असे की, ज्या पाण्यात प्रवाळ व अन्य सागरी जीवांचे रक्षण अपेक्षित आहे, त्याच पाण्यावर मालवणच्या मच्छीमार समाजाची उपजीविका अवलंबून आहे आणि त्याच पाण्यात राज्यातील सर्वाधिक परिचित सागरी पर्यटनकेंद्र उभे राहिले आहे. निसर्गसंवर्धन, मासेमारी आणि मनोरंजन या तिन्हींचा मेळ कसा घालावा, हा या अभयारण्याच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

स्थान आणि सीमा

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि जुने बंदर आहे. शहराच्या उत्तरेस कोळंबची खाडी, तर दक्षिणेस तारकर्ली व देवबाग ही गावे आहेत. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. नदी आणि समुद्र यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर देवबाग वसले आहे.

अभयारण्याची सीमा थेट भरतीच्या रेषेपासून सुरू होत नाही. ईशान्येस मालवण बंदराजवळ ती किनाऱ्यापासून ५० मीटर अंतरावर आहे. पूर्वेस अर्धवर्तुळाकार वाळूच्या किनाऱ्याला समांतर, ५०० मीटर अंतर राखून ती जाते. पश्चिमेची मर्यादा मालवण रॉक या खडकापर्यंत पोहोचते. त्यामुळे गाव, बंदर आणि पुळण अभयारण्याबाहेर राहतात, परंतु तेथे होणाऱ्या प्रत्येक घडामोडीचा परिणाम आतील पाण्यावर होतो. शहराचे सांडपाणी, बंदरातील तेल, खाडीतून येणारा गाळ आणि किनाऱ्यावरचा कचरा यांना ही सीमारेषा अडवू शकत नाही.

जमिनीवरील अभयारण्याशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात किंवा मुरबाड तालुक्याच्या काही भागात पसरलेल्या भीमाशंकर अभयारण्यात रस्ते आणि पायवाटा ठरलेल्या असतात. त्यामुळे तेथे तपासणी नाका उभारता येतो, येणाऱ्याची नोंद करता येते आणि पावसाळ्यात एखादा धबधबा वा वाट बंद ठेवता येते. समुद्रात वाट नसते आणि कुंपणही नसते. होडी कोणत्याही दिशेने येऊ शकते, आणि पाण्याखाली काय घडते ते वरून पाहणाऱ्यास दिसत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणसमोरील कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले व १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. किल्ल्याची तटबंदी सुमारे तीन किलोमीटर लांबीची आहे. किल्ल्यात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील शिवराजेश्वर मंदिर असून काही कुटुंबे आजही तेथे राहतात. जवळच पद्मगड हे लहान बेट आहे. ओहोटीच्या वेळी वाळूचा दांडा उघडा पडून त्याचा किनाऱ्याशी संबंध जोडला जातो.

किल्ल्यासाठी या जागेची निवड होण्यामागे येथील खडकांचा मोठा वाटा आहे. बेटाभोवती पाण्याखाली दडलेले खडक परक्या जहाजांना जवळ येऊ देत नसत. वाट ठाऊक असलेल्या स्थानिक होड्याच सुखरूप आत येत. हेच खडक प्रवाळ, शेवाळ, शिंपले आणि माशांना आधार देतात. शत्रूपासून किल्ल्याचे रक्षण करणारी रचनाच आज या सागरी परिसंस्थेचा पाया आहे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्य’ या मालिकेतील बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत सिंधुदुर्गाचा समावेश आहे. त्यामुळे एकाच बेटाला सांस्कृतिक वारसा आणि नैसर्गिक वारसा असे दुहेरी महत्त्व प्राप्त झाले आहे.

जैवविविधता

अभयारण्याच्या परिसरात खडकाळ किनारा, वाळूची पुळण, पाण्याखालील खडक, खाडीमुखे आणि जवळच्या खाड्यांतील कांदळवने असे विविध अधिवास एकत्र आढळतात. थोड्या क्षेत्रात एवढी विविधता असणे हे मालवणच्या समृद्धीचे कारण मानले जाते.

येथील प्रवाळांमध्ये पोराइट्स, फेव्हाइट्स, गोनिअॅस्ट्रिया आणि टर्बिनेरिया या प्रजाती आढळतात. लक्षद्वीपप्रमाणे येथे स्वतंत्र प्रवाळद्वीपे तयार झालेली नाहीत. येथील प्रवाळ खडकांच्या आधाराने ठिकठिकाणी वाढतात. पावसाळ्यात नद्यांतून येणारे गोडे पाणी व गाळ यांमुळे पाणी गढूळ होते. अशा प्रतिकूल स्थितीत टिकून राहिलेले हे प्रवाळ अभ्यासकांना विशेष महत्त्वाचे वाटतात.

प्रवाळ हा दिसायला दगडासारखा असला तरी तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांचा समूह असतो. या प्राण्यांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून प्रवाळाला पुरवते व मोबदल्यात आसरा मिळवते. पाण्याचे तापमान दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. या क्रियेस विरंजन म्हणतात. तापमान लवकर पूर्ववत झाल्यास प्रवाळ सावरतो, अन्यथा तो मरतो. पोराइट्ससारखा भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटरच वाढतो. त्यामुळे नांगराच्या एका आघाताने तुटलेला हातभर प्रवाळ भरून येण्यास अनेक दशके लागतात.

प्रवाळांच्या आश्रयाने रंगीबेरंगी लहान मासे, समुद्रपुष्पे, समुद्रकाकडी, खेकडे, शेवंड आणि शिंपले वाढतात. तांबोशी, गोबरा यांसारखे खाद्यमासेही खडकाळ भागाशी निगडित आहेत. म्हणजे प्रवाळाचे नुकसान ही केवळ निसर्गप्रेमींची हानी नसून मच्छीमाराच्या जाळ्यात येणाऱ्या मासळीशीही तिचा संबंध आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात. समुद्रात कुबडी डॉल्फिन नियमितपणे दिसतात. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासाही या किनाऱ्यालगत आढळला आहे.

कायदेशीर चौकट

अभयारण्यास लागू असणारा मुख्य कायदा म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. हा कायदा प्रामुख्याने वने व वन्यप्राणी डोळ्यांसमोर ठेवून रचलेला होता. समुद्राचे वेगळेपण लक्षात घेऊन १९९१ च्या दुरुस्तीने त्यात कलम २६-अ घालण्यात आले. त्यानुसार प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना केंद्र सरकारची पूर्वसंमती आवश्यक असते, सीमा ठरवताना नौदलाच्या मुख्य जलआलेखकाशी विचारविनिमय करावा लागतो आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितसंबंधांचे रक्षण करण्याची पुरेशी तजवीज करावी लागते. निरुपद्रवी नौकानयनाचा हक्कही कायद्याने अबाधित ठेवला आहे. मालवणची घोषणा या दुरुस्तीपूर्वी चार वर्षे झाली होती.

याच कायद्याचे कलम २८ अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणत्या प्रयोजनांसाठी देता येईल हे सांगते. त्यांत वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन आणि पर्यटन यांचा समावेश आहे. म्हणजे पर्यटन हे अभयारण्यात मुळातच निषिद्ध नाही. ते परवान्याने आणि अटींनी बांधलेले असावे, अशी कायद्याची भूमिका आहे. २००१ मध्ये खडक बांधणारे प्रवाळ आणि व्हेल शार्क यांना या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले. त्यामुळे प्रवाळ तोडणे, बाळगणे किंवा विकणे हा अभयारण्याच्या आत व बाहेर सर्वत्र गुन्हा ठरतो.

किनारी नियमन क्षेत्रासंबंधीच्या २०११ च्या अधिसूचनेत देशातील काही किनारी भागांचा ‘अतिसंवेदनशील किनारी क्षेत्र’ म्हणून उल्लेख करण्यात आला. त्यांत सुंदरबन, खंबातचे आखात, कच्छचे आखात, वेंबनाड, मन्नारचे आखात, भितरकनिका यांच्यासोबत मालवण आणि आचरा-रत्नागिरी यांचा समावेश आहे. अशा क्षेत्रांचे व्यवस्थापन स्थानिक किनारी समाजांच्या सहभागाने व्हावे, अशी या तरतुदीमागील अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात या एका परिसरावर अनेक यंत्रणांचा अधिकार चालतो. वन्यजीवांची जबाबदारी वन विभागाकडे, मासेमारीचे नियमन मत्स्यव्यवसाय विभागाकडे, प्रवासी होड्यांचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, किल्ल्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे, पर्यटनाचा विकास पर्यटन विकास महामंडळाकडे आणि शहराचा कचरा व सांडपाणी नगरपरिषदेकडे आहे. एका यंत्रणेचा निर्णय दुसऱ्या यंत्रणेच्या उद्दिष्टाला छेद देण्याची शक्यता त्यामुळे नेहमीच राहते.

मच्छीमार समाज आणि अभयारण्य

मालवण परिसरात गाबीत समाजासह अनेक मच्छीमार कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर उपजीविका करतात. रापण ही येथील पारंपरिक सामूहिक मासेमारी. होडीतून अर्धवर्तुळात लांबलचक जाळे टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायची आणि मिळालेल्या मासळीची ठरलेल्या वाट्यांनुसार विभागणी करायची, अशी तिची रीत आहे. या पद्धतीत जाळे, होडी आणि अंगमेहनत या प्रत्येकाला वाटा असतो.

अभयारण्याच्या घोषणेनंतर मच्छीमारांमध्ये मासेमारीवर बंदी येईल, अशी भीती निर्माण झाली. किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या लहान होडीवाल्याला दूरच्या समुद्रात जाणे परवडत नाही, त्यामुळे ही भीती त्याच्या दृष्टीने निराधार नव्हती. अभयारण्याला संघटित विरोध झाला आणि नियमांची कडक अंमलबजावणी दीर्घकाळ होऊ शकली नाही. परिणामी अभयारण्य कागदावर अस्तित्वात राहिले, परंतु मासेमारी व नौकावाहतूक बव्हंशी पूर्वीप्रमाणे चालू राहिली.

याच काळात पारंपरिक मच्छीमारांसमोर दुसरे संकट उभे राहिले. पर्ससीन या मोठ्या जाळ्याने बांगडा, तारली यांसारख्या माशांचे संपूर्ण थवे एकाच वेळी वेढून पकडता येतात. त्यामुळे किनाऱ्याकडे येणारी मासळी कमी होते, अशी रापण व लहान जाळी वापरणाऱ्यांची तक्रार आहे. या प्रश्नावरून सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वारंवार संघर्ष झाले. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीचे क्षेत्र, कालावधी व परवाने यांवर मर्यादा घातल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ मध्ये २०२१ साली दुरुस्ती करून दंडाच्या तरतुदी अधिक कठोर करण्यात आल्या.

या घडामोडींतून एक गोष्ट पुढे आली. समुद्रातील मासळी टिकावी, ही इच्छा पारंपरिक मच्छीमार आणि निसर्गसंवर्धक या दोघांचीही आहे. मतभेद आहेत ते निर्बंध कोणी घालायचे, कोणावर घालायचे आणि त्यांचा भार कोणी सोसायचा, याविषयी.

पर्यटनाची वाढ

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. अभयारण्य घोषित झाल्यानंतर दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, सिंधुदुर्गास पर्यटन जिल्ह्याचा दर्जा देण्यात आला. एकाच किनाऱ्याविषयी शासनाने घेतलेले हे दोन निर्णय परस्परविरोधी नव्हते, मात्र त्यांची सांगड घालणारी योजना आरंभी तयार झाली नाही. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी येथील विमानतळ खुला झाला. त्यामुळे मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि गोवा येथून मालवणला पोहोचणे सुलभ झाले.

आरंभी पर्यटक मुख्यतः सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यासाठी येत. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यापर्यंतची होडीवाहतूक हा अनेक कुटुंबांचा व्यवसाय होता. पुढे स्नॉर्केलिंग व स्कूबा डायव्हिंग यांना लोकप्रियता लाभली. स्नॉर्केलिंगमध्ये डोळ्यांवर काचेचा मुखवटा व तोंडात श्वासनळी लावून पृष्ठभागावर तरंगत समुद्रतळ पाहतात. स्कूबा डायव्हिंगमध्ये पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली उतरतात. या टाकीत शुद्ध प्राणवायू असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात मनोरंजनासाठी वापरल्या जाणाऱ्या टाकीत सहसा दाबाखाली भरलेली साधी हवा असते. मालवणमध्ये पोहता न येणाऱ्या पर्यटकांनाही प्रशिक्षित पाणबुड्याच्या मदतीने थोड्या खोलीवर नेले जाते. तारकर्ली येथे पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा डायव्हिंगचे शिक्षण देणारी स्वतंत्र संस्था सुरू केली आहे. देवबागजवळ पॅरासेलिंग, जेट स्की यांसारखे जलक्रीडाप्रकार चालतात.

पर्यटनामुळे मच्छीमार कुटुंबांना पूरक उत्पन्नाचे साधन मिळाले. न्याहारी व निवास योजना, घरगुती खानावळी, होडीफेऱ्या आणि मार्गदर्शक म्हणून काम यांमुळे गावातील तरुणांना गावातच रोजगार उपलब्ध झाला. मासळी कमी मिळणाऱ्या हंगामात या उत्पन्नाचे महत्त्व विशेष असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत प्रवासी वाहतूक व जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. मासेमारीबंदीचा हा काळ अनेक माशांच्या प्रजननाचा असतो. पर्यटन बंद असल्याने प्रवाळांनाही या काळात गर्दीपासून विश्रांती मिळते.

पर्यटनाचा सागरी जीवनावरील परिणाम

पर्यटकांचा ओघ बहुतांशी काही मोजक्या उथळ खडकांवर एकवटतो, कारण तेथेच पाणी तुलनेने शांत असते आणि प्रवाळ व मासे सहज दिसतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणमधील प्रवाळांच्या विरंजनाचा आणि अनियंत्रित पर्यटनाच्या परिणामांचा अभ्यास केला आहे. संभाव्य हानीचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

नांगर : होडी थांबवण्यासाठी टाकलेला लोखंडी नांगर थेट प्रवाळावर पडतो किंवा त्यावरून फरफटत जातो. एकाच जागी दिवसातून अनेक होड्या थांबत असल्याने हे आघात पुनःपुन्हा होतात.

स्पर्श आणि पाय देणे : पाण्यात तोल सावरण्यासाठी नवखा पर्यटक प्रवाळाला धरतो किंवा त्यावर उभा राहतो. प्रवाळावरील जिवंत थर अत्यंत नाजूक असल्याने तो खरवडला जातो व तेथे रोग किंवा शेवाळ शिरकाव करते.

माशांना खाऊ घालणे : छायाचित्रासाठी माशांचा थवा जमावा म्हणून पाव, बिस्किटे टाकली जातात. त्यामुळे शेवाळ खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणाऱ्या माशांच्या सवयी बदलतात आणि पाण्यातील सेंद्रिय घटक वाढतात.

गाळ, सांडपाणी आणि कचरा : गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही, त्यामुळे प्रवाळातील शैवालाची अन्ननिर्मिती मंदावते. प्लास्टिक व टाकून दिलेली जाळी प्रवाळांवर गुंडाळली जातात.

ध्वनी व वेग : वेगवान नौका पृष्ठभागाजवळ येणाऱ्या कासवांना आणि डॉल्फिनना धोकादायक ठरतात. डॉल्फिन दिसताच चहूबाजूंनी होड्यांनी घेरल्यास त्यांच्या शिकारीत व पिलांच्या संगोपनात अडथळा येतो.

समुद्राच्या वाढत्या तापमानामुळे होणारे विरंजन हे जागतिक कारणातून उद्भवते आणि ते रोखणे स्थानिक यंत्रणेच्या हाती नाही. तथापि विरंजनानंतर प्रवाळ सावरेल की नाही, हे त्यावरील अन्य ताणांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. म्हणूनच नांगर, कचरा आणि गर्दी यांसारखे स्थानिक ताण कमी करण्याला महत्त्व दिले जाते.

पर्यटकांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे पर्यटकांची बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यानंतर होड्यांची क्षमता, जीवरक्षक जॅकेटचा वापर आणि परवाने यांविषयी चर्चा झाली. होडीत किती माणसे असावीत आणि एका खडकावर किती होड्या असाव्यात, हे दोन्ही प्रश्न शेवटी संख्येच्या मर्यादेशी येऊन थांबतात.

समतोलासाठी झालेले प्रयत्न

भारत सरकार, महाराष्ट्र शासन, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या सहकार्याने २०१० च्या दशकात सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी विशेष प्रकल्प राबवण्यात आला. मासेमारी व पर्यटन यांसारख्या उत्पादक क्षेत्रांतच जैवविविधता संवर्धनाचा विचार रुजवणे, हा त्याचा हेतू होता. वन विभागाच्या कांदळवन कक्षाने त्यात प्रमुख भूमिका बजावली. हा कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला.

या प्रकल्पात स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग व स्कूबा मार्गदर्शनाचे प्रशिक्षण देण्यात आले. लहान मासे निसटून जावेत यासाठी ट्रॉल जाळ्यांत चौकोनी आसाच्या जाळीचा वापर, खेकडापालन, कालवे व शिंपले यांची शेती आणि प्रवाळांचे पुनर्रोपण असे प्रयोग झाले. वेंगुर्ले येथील महिलांच्या स्वामिनी बचत गटाने होडीतून कांदळवन सफर सुरू केली. पर्यटकांना खाडीतील कांदळवनांची माहिती देत चालणारा हा उपक्रम, संवर्धन आणि उत्पन्न एकत्र नांदू शकते याचे उदाहरण म्हणून ओळखला जातो.

भारतीय नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली. निवती रॉकजवळ ती समुद्रतळाशी बसवून पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभिंत तयार करण्याची योजना आखण्यात आली. अशा कृत्रिम रचनेमुळे पाणबुड्यांची गर्दी नैसर्गिक प्रवाळांपासून दूर वळवता येते, असा त्यामागील विचार आहे. मात्र जहाज बुडवण्यापूर्वी त्यातील तेल व घातक पदार्थ पूर्णपणे काढणे आवश्यक असते.

अन्य क्षेत्रांतील अनुभव

कच्छच्या आखातात १९८० मध्ये सागरी अभयारण्य व १९८२ मध्ये देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तेथे ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर चालत सागरी जीव पाहता येतात. अंदमानातील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९८३ मध्ये झाली. तेथे जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे आलटून पालटून पर्यटकांसाठी खुली ठेवतात, त्यामुळे एका बेटावर वर्दळ असताना दुसऱ्याला विश्रांती मिळते. बेटांवर प्लास्टिक नेण्यास मनाई आहे.

महाराष्ट्रातील दुसरे उदाहरण ठाणे खाडीचे आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोली येथील सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाच्या यंत्रणेमार्फत होडीफेरी चालते. फेरी एकाच ठिकाणाहून सुटत असल्याने पर्यटकांच्या संख्येवर लक्ष ठेवणे तेथे तुलनेने सोपे जाते.

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफसाठी १९७५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तेथील समुद्र निरनिराळ्या विभागांत वाटलेला असून कोणत्या विभागात कोणती कृती चालेल, हे नकाशावर निश्चित केलेले आहे. २००४ पासून सुमारे ३३ टक्के क्षेत्रात मासेमारीस पूर्ण मनाई आहे. व्यावसायिक सहलींतील पर्यटकांकडून पर्यावरण शुल्क घेतले जाते. थायलंडमधील माया बे हा उपसागर अतिगर्दीमुळे प्रवाळांची हानी झाल्याने जून २०१८ मध्ये पूर्णपणे बंद करण्यात आला. तो जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडला, तेव्हा होड्यांना उपसागरात येण्यास मनाई करून पर्यटकांची संख्या मर्यादित करण्यात आली.

मालवणच्या दृष्टीने या अनुभवांतून काही उपाय विचारात घेतले जातात : नांगराऐवजी होडी बांधण्यासाठी तळाशी पक्के बसवलेले बोये, प्रत्येक खडकासाठी होड्यांची व पर्यटकांची कमाल संख्या, खडकांना आळीपाळीने विश्रांती, मार्गदर्शकांना अनिवार्य प्रशिक्षण, आणि प्रवेशशुल्काचा ठरावीक भाग स्थानिक ग्रामपंचायती व मच्छीमार संस्थांना देणे. माया बेसारखी पूर्ण बंदी मालवणात लागू करणे कठीण आहे, कारण तेथील उपसागरात वस्ती नव्हती, तर येथे किनाऱ्यावर आणि किल्ल्यातही माणसे राहतात.

सद्यःस्थिती आणि महत्त्व

मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र लहान आहे, परंतु त्याने उभे केलेले प्रश्न देशातील सर्वच किनारी संरक्षित क्षेत्रांना लागू पडतात. येथील अनुभव सांगतो की, स्थानिकांचा विश्वास संपादन न करता केलेली घोषणा अंमलात येणे कठीण असते. त्याचबरोबर, केवळ रोजगार मिळतो म्हणून पर्यटनाला मर्यादा घातली नाही, तर ज्या प्रवाळांसाठी पर्यटक येतात तेच नष्ट होऊन रोजगारही संपुष्टात येऊ शकतो.

या प्रश्नात होडीवाल्यांची व पाण्यात उतरवणाऱ्या मार्गदर्शकांची भूमिका निर्णायक ठरते. त्यांच्यापैकी अनेक जण मच्छीमार कुटुंबांतील असून खडक, प्रवाह आणि भरती-ओहोटी यांचे ज्ञान त्यांना परंपरेने लाभले आहे. नांगर कोठे टाकावा, पर्यटकाला कशाला हात लावू देऊ नये आणि समुद्र कधी सोडावा, हे निर्णय दररोज त्यांच्याच हातून होतात. अभयारण्याचे नियम त्यांच्या सहभागाने ठरले आणि त्यांचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचला, तर पाण्याखालील संपत्तीचे राखणदार म्हणून हाच समाज सर्वांत समर्थ ठरू शकतो.